तुम्ही विचारलंत म्हणून: समुद्रावरच्या लढाईचे खरेखुरे गेम कुठे गेले?

मी काय खेळतो हे कळलं की बहुतेक जण एकच गोष्ट विचारतात. लहानपणी ते पाणबुडीचे, युद्धनौकांचे गेम असायचे, पेरिस्कोपमधून बघून स्वतः हिशेब करायला लावणारे. ते आता येत का नाहीत? तो प्रकार संपलाच का?

संपलेला नाही. मोठ्या कंपन्यांनी तो सोडून दिला, हे मात्र खरं. त्यांनी का सोडला हे सांगायचं तर आधी तुम्हाला एका पाणबुडीत न्यावं लागेल.

२००५ साली आलेल्या डेंजरस वॉटर्स या पाणबुडीच्या गेममधली ही गोष्ट. सोनारच्या, म्हणजे पाण्यातले आवाज टिपणाऱ्या यंत्रणेच्या, पडद्यावर वरून खाली हिरवट खरखर ओघळत असते आणि तिच्यात एक पुसटशी उभी रेघ उमटते. याचा अर्थ त्या दिशेला काहीतरी आवाज करतंय, एवढाच. ते किती लांब आहे, कुठे चाललंय, किती वेगानं, यातलं काहीही ठाऊक नसतं. दोन मिनिटांनी दिशा एका अंशानं सरकते. जवळून रेंगाळत जाणारं जहाज असलं तरी असंच दिसेल आणि लांबून वेगानं जाणारं असलं तरी असंच. खरं काय ते ओळखायला तुम्हाला स्वतःचा मार्ग बदलावा लागतो. वळायचं, मागे ओढत असलेली सोनारची लांब केबल सरळ होईपर्यंत थांबायचं, पुन्हा ऐकायचं. मग दुसऱ्या पडद्यावर ठिपक्यांची एक ओळ येते. तुम्ही अंतर, वेग आणि मार्ग यांचे अंदाज थोडे थोडे हलवत राहता आणि ती वाकडी ओळ हळूहळू उभी, सरळ होते. सरळ झाली म्हणजे तुमचा अंदाज जुळला. या कामात अर्धा-पाऊण तास सहज जातो.

एकदा मी ती ओळ सरळ केली आणि घाई केली. नॅरोबँडवर, म्हणजे आवाजातले स्वर सुटे करून दाखवणाऱ्या पडद्यावर, त्या आवाजात कुठल्या वारंवारता आहेत हे बघायला थांबलो नाही. या गेममध्ये रशियन बोटींची यंत्रं ५० हर्ट्झवर गुणगुणतात, अमेरिकन ६० वर. तेवढी एक रेघ पाहिली असती तरी पुरलं असतं. टॉर्पेडो सोडला, तो अचूक गेला आणि एक मासेमारी बोट बुडाली. मी बराच वेळ खुर्चीत तसाच बसून होतो. पडद्यावर ना ज्वाळा दिसल्या ना माणसं. फक्त एक रेघ संपली होती.

या सगळ्या प्रकाराचा जीव तिथे आहे. समुद्रावरची लढाई म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल निर्णय घेणं. हे काही गेमवाल्यांनी शोधून काढलेलं नाही. १९४२ साली लिव्हरपूलमध्ये ब्रिटिश नौदलानं एक प्रशिक्षण केंद्र काढलं, वेस्टर्न अप्रोचेस टॅक्टिकल युनिट. प्रमुख होते गिल्बर्ट रॉबर्ट्स आणि काम चालवायच्या महिला नौदल सेवेतल्या तरुण मुली. मोठ्या खोलीच्या जमिनीवर खडूनं समुद्र आखलेला, त्यावर छोटी जहाजं मांडलेली. डावाला बसलेल्या अधिकाऱ्यांना मात्र ती जमीन सरळ दिसायची नाही. ते कापडी पडद्याआड बसायचे आणि फटीतून त्यांना तेवढंच बघू दिलं जायचं, जेवढं खऱ्या जहाजावरून दिसलं असतं. जर्मन पाणबुड्या रात्री पाण्यावर येऊन मागच्या बाजूनं ताफ्याच्या आत शिरतात, हा उलगडा तिथे खडू आणि पडद्यांच्या साहाय्यानं झाला. त्यावरून बेतलेला प्रतिडाव अटलांटिकमध्ये वापरला गेला. त्या खोलीतलं सगळ्यात मोलाचं साधन, माझ्या मते, तो आड धरलेला पडदा होता.

आता गेमकडे येऊ. १९८५ चा सायलेंट सर्व्हिस, १९८८ चा रेड स्टॉर्म रायझिंग, १९८९ साली संगणकावर आलेला हार्पून, १९९४ चा एसेस ऑफ द डीप, १९९६ चा पहिला सायलेंट हंटर. त्या काळात सगळ्याच गेमचं चित्र ओबडधोबड असायचं, त्यामुळे नकाशावरच्या चार खुणा कुणाला कमी वाटत नसत. सोबत जाडजूड पुस्तिका यायची आणि लोक ती खरोखर वाचायचे. १९९७ च्या ६८८ आय हंटर किलरच्या मागे सोनालिस्ट्स ही अमेरिकी संरक्षण क्षेत्रासाठी काम करणारी कंपनी होती. पुढे डेंजरस वॉटर्सही तिनंच केला.

मग थ्रीडी आलं आणि पैसा जे दिसतं त्याच्याकडे वळला. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. एका जहाजाचं मॉडेल करायला पूर्वीपेक्षा कितीतरी पट मेहनत लागू लागली, पाणी खरं दिसावं म्हणून वेगळी माणसं लागू लागली, आणि एवढा खर्च केलेलं जहाज खेळणाऱ्याला दिसलंच पाहिजे असा हिशेब आपोआप झाला. आपल्या प्रकारात तर चांगला खेळणारा तोच, जो शत्रूला दिसत नाही आणि ज्याला शत्रूही फारसा दिसत नाही. आधुनिक युद्धनौकांचं तर विचारूच नका. क्षेपणास्त्र क्षितिजापलीकडून येतं, लढाई रडारच्या ठिपक्यांवर होते. त्यात खऱ्या सोनारचे आणि क्षेपणास्त्रांचे नेमके आकडे गुप्त असतात, म्हणजे उघड्यावर जी माहिती मिळते तिच्यावरून गेम करणाऱ्यानं अंदाज बांधायचे.

देखणं चित्र आणि खरा हिशेब या दोन्ही गोष्टी एकदाच छान जुळल्या, २००५ च्या सायलेंट हंटर ३ मध्ये. पाणी असं की नुसतं पाणबुडीच्या मनोऱ्यावर उभं राहून बघत बसावं. आणि हवं असेल तर निशाण्याचा सगळा हिशेब स्वतः करायचा. जहाजांच्या पुस्तकात समोरचं जहाज शोधायचं, त्याच्या डोलकाठीची उंची घ्यायची, पेरिस्कोपमध्ये त्या उंचीवरून अंतर काढायचं. वेगासाठी घड्याळ लावायचं: ३ मिनिटं १५ सेकंदांत जहाज जितके शंभर मीटर पुढे जाईल, तितके नॉट, म्हणजे ताशी तितके सागरी मैल, त्याचा वेग. ७०० मीटर गेलं तर ७ नॉट. इतका साधा आडाखा, पण दोन वेळा पेरिस्कोप वर काढायचा आणि मधली सव्वातीन मिनिटं अंधारात थांबायचं, हे मला कुठल्याही स्फोटापेक्षा जास्त आवडतं. डोलकाठी चुकीची धरली तर अंतर चुकतं, आणि टॉर्पेडो जहाजाच्या पुढून निघून जातो.

२०१० मध्ये सायलेंट हंटर ५ आला. बोटीच्या आत चालत फिरता येत होतं, पण पाणबुडी एकाच जातीची, मोहीम १९४३ पर्यंतच आणि एकट्यानं खेळतानाही इंटरनेट सतत चालू हवं. त्यानंतर सायलेंट हंटरचा तसा पुढचा भाग आलाच नाही. लोकांनी मात्र जुने गेम टाकून दिले नाहीत. सायलेंट हंटर ३ वरचा ग्रे वुल्व्हज हा मॉड, म्हणजे मूळ गेममध्ये केलेले बदल, खेळणाऱ्यांनीच पदरमोड करून, रात्री जागून केला, आणि मूळ गेमपेक्षा लोक तो मॉड लावलेला गेमच जास्त मानतात.

‘अहो, पण वर्ल्ड ऑफ वॉरशिप्स आहे की,’ असं कुणीतरी म्हणतंच. २०१५ पासून चाललेला तो गेम नीट केलेला आहे, त्यातली जहाजं प्रेमानं घडवलेली आहेत. पण तिथे अंतरं आणि वेळ आवळून घेतलेले असतात, कारण एक डाव काही मिनिटांत संपायचा असतो. त्याला दोष देत नाही, फक्त ती भूक वेगळी आहे.

विमानांची सिम्युलेशन टिकली, मग जहाजांची का नाहीत, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. लढाऊ विमानात एक खुर्ची असते, आणि तुम्ही तिच्यात बसता. फ्रिगेटसारख्या मध्यम युद्धनौकेवर शे-दोनशे माणसं असतात. तुम्ही त्यातले कोण? सगळ्यांचं काम एकट्यानं करायचं तर खुर्च्या बदलण्यातच दमछाक होते. नुसतं कॅप्टन व्हायचं तर हुकूम ऐकणारी, नीट कळवणारी, कधी चुकणारी माणसं गेममध्ये हवीत. अशी माणसं रचणं पाण्याच्या लाटा काढण्याहून कठीण आहे. मोठी अडचण मला हीच वाटते.

आणि पुढची आशाही मला इथेच दिसते. लहान चमूंनी प्रत्येकी एक एक बाजू धरली आहे. २०१७ च्या कोल्ड वॉटर्सनं खुर्च्यांचा पसारा काढून टाकून फक्त कॅप्टनचे निर्णय ठेवले. यूबोटनं, जो अनेक वर्षं अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे अपुरा असतानाच विक्रीत, राहून २०२४ ला पूर्ण झाला, खलाशांना झोप, भीती, थकवा दिला. कमांड मॉडर्न ऑपरेशन्समध्ये जवळजवळ नुसता नकाशा आहे, आणि त्याची व्यावसायिक आवृत्ती सैन्यदलं वापरतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये आलेला सी पॉवर शीतयुद्धातले अख्खे ताफे हातात देतो. तो मायक्रोप्रोज या कंपनीच्या नावानं आला, त्याच नावानं १९८५ साली सायलेंट सर्व्हिस आला होता, हे वाचून मला मनापासून बरं वाटलं.

काळजीही आहेच. चार-पाच माणसांच्या चमूतलं एक जण दमलं की काम थांबतं, आणि पूर्ण होण्याची वाट बघण्यात वर्षं जातात. पृष्ठभागावरच्या जहाजांचं, विशेषतः ताफ्याचं रक्षण करणाऱ्या विनाशिकेचं, आतून अनुभव देणारं सिम्युलेशन अजून मोजक्यांनीच मनावर घेतलं आहे. आणि शत्रू अजूनही बऱ्याचदा सगळं माहीत असल्यासारखा वागतो. मला असा शत्रू हवा, जो पडद्याआड बसला आहे, ज्याला माझा आवाज ऐकू आला की नाही याची त्यालाही खात्री नाही.

कुठून सुरुवात करू असं विचाराल तर माणसं जमवून वुल्फपॅक खेळा. त्यात एकाच बोटीवर कुणी कॅप्टन, कुणी सुकाणूवर, कुणी हायड्रोफोनवर, म्हणजे पाण्यातले आवाज ऐकायच्या यंत्रावर, असतं, सगळी खरी माणसं. एका रात्री आमच्यावर विनाशिका फिरत होती. हायड्रोफोनवर एक अनोळखी मुलगा होता, तो दर अर्ध्या मिनिटाला दिशा सांगायचा. त्याचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. मग सुकाणूवालाही दबक्या आवाजात बोलू लागला, मग मीही. आमचं बोलणं त्या विनाशिकेला ऐकू जाण्याची सोयच नव्हती, प्रत्येक जण आपापल्या घरात बसलेला. तरी पुढची वीस मिनिटं कुणीही आवाज चढवला नाही, आणि तो मुलगा ‘लांब जातेय’ म्हणाला तेव्हा आम्ही सगळ्यांनी एकाच वेळी श्वास सोडलेला हेडफोनमध्ये ऐकू आला.