राउंड माझा होता

इंग्लंडमधल्या लीड्सला आल्यावर पहिल्याच शुक्रवारी ऑफिसातल्या मंडळींनी विचारलं, पबला येतोस ना? सांगलीतल्या परमिट रूम पालथ्या घातलेल्या माणसाला पबचं काय कौतुक! सगळ्यांच्या आधी जाऊन मी टेबल धरलं आणि बसलो. पंधरा मिनिटं झाली. ना वेटर, ना मेनू, ना चकण्याची बशी. शेवटी हात वर केला, तर काउंटरमागच्या बाईंनी हसून मलाही हात केला.

मंडळी आली तेव्हा कळलं की इथे टेबलावर कोणी विचारायला येत नाही. आपणच काउंटरवर जायचं, सांगायचं, लगेच पैसे द्यायचे आणि ग्लास आपल्या हातांनी आणायचे.

दुसरी फजिती मापाची. आपल्याकडे बीअरचा पाइंट म्हणजे ३३० मिलीची छोटी बाटली. तेवढीच पुरे म्हणून मी पाइंट सांगितला आणि समोर ५६८ मिलीचा तांब्या आला. त्यात हातपंपाने तळघरातून ओढलेली बिटर, म्हणजे इथली कडसर बीअर. बर्फगार नाहीच, थंडीच्या दिवसांत माठातलं पाणी असतं तेवढी गार. पहिला घोट घेऊन तोंड वाकडं झालं, पण तिसऱ्या आठवड्यापर्यंत आवडायला लागली होती.

खरा घोळ मात्र राउंडचा. त्या दिवशी एकाने सगळ्यांचं आणलं, मग दुसऱ्याने. मला वाटलं, नवा माणूस म्हणून पाहुणचार चाललाय. आपल्याकडे पैसे द्यायचे तर हॉटेलच्या गल्ल्यापाशी मारामारी होते, 'मी देतो, तू थांब' म्हणत एकमेकांचे हात धरतात. इथे कोणी तसं काही करेना, म्हणून मीही निवांत. साडेआठला बस होती. दोन पाइंट पोटात घालून, सगळ्यांना गुड नाइट करून निघालो. पुढच्या शुक्रवारी तेच. तिसऱ्या वेळी जाताना प्रामाणिकपणा दाखवावा म्हणून दहा पौंडांची नोट टेबलावर ठेवली. सगळे एकदम गप्प. नोट कोणी उचलेना, परतही करेना.

सोमवारी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने चहा पिता पिता समजावलं. तो अस्सल यॉर्कशायरचा, म्हणजे लीड्सच्याच परगण्यातला. आपल्याकडे पुणेकरांवर करतात तसे यांच्या चिक्कूपणावर इंग्लंडभर विनोद चालतात. "पैसे नकोत रे कोणाला. तुझी पाळी आली की तू उठायचंस. लवकर जायचं असेल तर पहिला राउंड तुझा. आणि कमी प्यायची असेल तर 'हाफ', म्हणजे अर्धा पाइंट माग, कोणी हसत नाही." म्हणजे गेले तीन आठवडे मी फुकट्या ठरलो होतो आणि तोंडावर एक शब्द कोणी बोललं नव्हतं!

चौथ्या शुक्रवारी व्हाइटलॉक्स नावाच्या पबला गेलो. ब्रिगेट या बाजाररस्त्याच्या कडेच्या अरुंद बोळात १७१५ पासून ही जागा आहे, म्हणजे बाळाजी विश्वनाथ पेशवे होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. पितळ, आरसे, रंगीत टाइल्सचा लांबलचक काउंटर. मी घोषणा केली, "पहिला राउंड माझा." टाळ्याच वाजल्या.

बस स्टॉपवरसुद्धा रांग लावणारे हे लोक बारपाशी मात्र आडवे पसरून उभे राहतात. रांग असते, पण ती डोक्यात. नोट फडकवायची नाही, चुटकी वाजवायची नाही, 'बॉस' म्हणून हाक मारायची नाही. बारवाल्याशी नजरानजर होईपर्यंत उभं राहायचं. मधेच त्याने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी डावीकडच्या आजोबांकडे बोट दाखवून म्हणालो, "हे माझ्या आधी." आजोबांनी मान हलवली. त्या एका मानेने मला पगारवाढीइतकं बरं वाटलं.

मग ऑर्डर. एकेक आठवून सांगायची नाही, सगळी एका दमात; आणि गिनीज ही काळी आयरिश बीअर असेल तर ती सर्वांत आधी, कारण ती दोनदा भरतात, मधे फेस बसू देतात. दोन बिटर, एक सायडर (सफरचंदाची दारू), एक गिनीज, माझा हाफ. टिप ठेवत नाहीत. फार तर 'अँड वन फॉर युअरसेल्फ' म्हणायचं, की तो एका ग्लासाचे पैसे आपल्या बिलात धरतो. मी म्हणालो. पाठ करूनच आलो होतो.

तीन पाइंट दोन्ही हातांच्या त्रिकोणात धरून गर्दीतून निघालो. टेबलापासून दोन पावलांवर कोपर लागलं आणि सायडर कोटाच्या बाहीत शिरलं. बाही पिळून दुसरी खेप आणली. क्रिस्प्सचं, म्हणजे बटाटा वेफर्सचं पाकीट मधोमध फाडून, सपाट पसरून टेबलावर ठेवलं; चकणा अखेर मिळाला. ग्लास भिडले. सायडरवाल्याने आपला अर्धा रिकामा ग्लास पाहिला, माझ्या बाहीकडे पाहिलं आणि म्हणाला, "पुढचा माझा. तू आता बस."