आमची वाटचाल : एक दिवस जास्त घेणारी ट्रेकिंग कंपनी

कंपनीची वाटचाल लिहायची म्हटलं की पॅशनचं प्रोफेशन केलं वगैरे लिहायची पद्धत आहे, आणि ते आमच्या बाबतीत खोटं नाही, पण खरं सांगायचं तर आमची अख्खी वाटचाल एकाच गोष्टीवरून भांडण्यात गेलीय, ती म्हणजे इटिनररीत दिवस किती ठेवायचे. कंपनी लहान आहे. मी, माझा नवरा, ऑफिसात दोन मुलं, आणि बाकी सगळी टीम वर, मनालीला, उत्तरकाशीकडे आणि सीझनला लेहमध्ये.

आम्ही दोघांनीही बेसिक माउंटेनिअरिंग कोर्स उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटला, म्हणजे 'निम'ला केलाय, वेगवेगळ्या वर्षी. 1965 सालची संस्था, जवळपास चार आठवड्यांचा कोर्स, आणि त्यात रॉक क्राफ्ट, आइस क्राफ्ट, गाठी, रोप सगळं शिकवतात पण माझ्या डोक्यात कायमचं बसलं ते लोड फेरी. पाठीवर सामान घेऊन वरच्या कॅम्पपर्यंत जायचं, सामान टाकायचं आणि झोपायला परत खाली यायचं. पहिल्यांदा वैताग येतो, एवढं चढून आलोय तर राहूया की इथंच. दोन दिवसांनी त्याच चढाला धाप कमी लागते तेव्हा कळतं की हे लोक उगाच नाही करायला लावत.

सुरुवात सगळ्यांची होते तशीच, ओळखीच्यांचे ग्रुप. सांकरीहून केदारकांठा, मनालीहून हमटा पास. मी तेव्हा नोकरीत होते आणि घरात पगार एकच, तोही माझा. तंबू, स्लीपिंग बॅग, कुक, खेचरं सगळं तिथल्या व्हेंडरकडून घ्यायचं आणि आपण फक्त माणसं घेऊन जायची. यात पैसा कमी गुंततो हे खरं, पण कंट्रोल शून्य. एकदा हमट्याला व्हेंडरने पाठवलेल्या स्लीपिंग बॅग आदल्या बॅचच्या पावसात भिजलेल्या तशाच गुंडाळून आल्या होत्या, रात्री बालू का घेराला उघडल्यावर वास आणि ओल, दोघादोघांत एक करून कशीबशी रात्र काढली. त्या सीझननंतर पहिल्यांदा स्वतःचे तंबू आणि बॅगा घेतल्या, उधारीवर.

मग पीक, म्हणजे शिखरं. पहिलं अर्थातच फ्रेंडशिप, 5289 मीटर, पीर पंजालमधलं. सोलंगहून धुंदी, बकरथाच, तिथून वर लेडी लेग कॅम्प आणि मग समिट पुश, म्हणजे टॉपची शेवटची चढाई. रस्त्यापासून जवळ, टेक्निकली सोपं मानतात, म्हणून पहिलं शिखर करणाऱ्यांची गर्दी सगळी इथंच. आणि जवळ आहे हीच त्याची अडचण, कारण मनालीपासून धडाधड वर नेता येतं, त्यामुळे बाजारात दिवस कापायची स्पर्धा लागते. दिवस कापला की जेवण, पोर्टरची मजुरी, खेचरं, गाइड सगळ्यातलं वाचतं आणि रेट खाली येतो, आणि कस्टमर रेट बघतो. वर सुट्टीपण कमी लागते. आमचा प्लॅन आधीपासून लांब, कारण एक अख्खा दिवस फक्त बर्फावरच्या ट्रेनिंगला आणि एक हवामानासाठी राखीव. "तुमच्याकडं रेस्ट डेला काय करायचं असतं?" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की आता उत्तर तोंडपाठ झालंय.

ते उत्तर असं. साधारण साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन निम्मा. शरीर जमवून घेतं, पण त्याच्या स्पीडने, आपल्या रिटर्न तिकिटाच्या स्पीडने नाही. तीन हजारांच्या वर गेलं की झोपायची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांतून एक दिवस त्याच उंचीवर थांबावं, असं डॉक्टरांचंच गाइडन्स आहे. दिवसा कितीही वर जा, झोपायला खाली या. हे नाही पाळलं तर आधी डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, म्हणजे एएमएस (उंचीचा त्रास), आणि त्याकडे दुर्लक्ष केलं तर फुप्फुसात पाणी साठणं किंवा मेंदूला सूज, म्हणजे हेप आणि हेस. यात फिट माणूस जास्त धोक्यात असतो असं माझं मत झालंय, कारण तो पळू शकतो म्हणून पळतो. मॅरेथॉनवाले आले की आमचे गाइड त्यांना मुद्दाम सगळ्यात मागे ठेवतात.

रोज संध्याकाळी चहाच्या वेळी ऑक्सिमीटर फिरतो आणि रजिस्टरमध्ये आकडे लिहितात. इथं एक गंमत सांगते, गार पडलेल्या बोटावर मशीन काहीही दाखवतं, सत्तरच्या खालचा आकडा बघून माणूस निम्मा तिथंच आजारी पडतो. म्हणून आधी पाच मिनिटं गरम मग हातात धरायचा, मग बोट घालायचं, आकडा स्थिर होऊ द्यायचा. आणि आकड्यापेक्षा माणूस बघायचा. जेवला का, विनोदाला हसला का, तंबूत एकटाच पडून आहे का. संशय आला तर सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालायला लावायचं, तोल जातोय दिसलं की चर्चा बंद, रात्र असली तरी खाली. डायमॉक्सबद्दल, म्हणजे उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल, सगळे विचारतात. प्रतिबंधासाठी साधारण 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, पण ते आपल्या डॉक्टरला विचारून आणि सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगून. आणि गोळी घेतली म्हणून रेस्ट डे काढून टाका असं म्हणणाऱ्याला मी सरळ दुसऱ्या कंपनीचा नंबर देते.

ट्रेनिंगच्या दिवशी काय करतो तेही लिहिते कारण लोकांना वाटतं फोटोसेशन असतं. आइस अ‍ॅक्सने सेल्फ अरेस्ट, म्हणजे घसरलात तर पोटावर वळून अ‍ॅक्सचं टोक बर्फात रुतवून थांबायचं, हे डोकं वर, डोकं खाली सगळ्या पोझिशनमध्ये. एकाच रोपला बांधून घेऊन सगळ्यांनी चालणं. आणि क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायचे लोखंडी काटे, घालणं, जे सगळ्यांना फालतू वाटतं. आम्ही ते जाड ग्लोव्ह्ज घालून आणि डोळे मिटून करायला लावतो, कारण खरी वेळ येते तेव्हा रात्रीचा एक वाजलेला असतो, हेडटॉर्चचा उजेड शेजारच्याच्या तोंडावर असतो आणि बोटं ऐकत नाहीत. बकल बाहेरच्या बाजूला, पट्ट्याचं टोक आत खोचलेलं, नाहीतर दुसऱ्या पायाच्या काट्यात अडकून माणूस तोंडावर पडतो. सकाळी ऊन चढलं की ओला बर्फ क्रॅम्पॉनखाली गोळा होतो, दर काही पावलांनी अ‍ॅक्सच्या दांड्याने ठोकून पाडावा लागतो, उतरताना जास्तीत जास्त घसरणं तेव्हाच होतं. हे सगळं एका दिवसात अंगात मुरत नाही, पण निदान समिटच्या रात्री पहिल्यांदा बघितल्यासारखं तरी होत नाही.

धंद्याचे धक्के बाकीच्यांना बसले तेच आम्हालाही. ऑगस्ट 2018 मध्ये उत्तराखंड हायकोर्टाने बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली आणि रूपकुंडचा ट्रेक बंद झाला. बेदिनी-आली बुग्यालवर कॅम्प न लावता रूपकुंड करणं शक्यच नाही. सीझनचं बुकिंग झालेलं होतं, सगळ्यांना रिफंड दिले, दोन महिने खात्यात खडखडाट. तरी माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आताही आहे की निर्णय बरोबर होता. बेदिनीवर सीझनमध्ये तंबूंच्या रांगा आणि टॉयलेटचे खड्डे ज्यांनी बघितलेत त्यांना समजावून सांगायला नको.

नंतर 2020 पासून स्टोक कांग्री बंद झालं. 6153 मीटर, लेहच्या अगदी डोक्यावर, लेह मार्केटमधून दिसणारं, सहा हजारी करायचं म्हणजे लोक डोळे झाकून तेच घ्यायचे. स्टोक गावाचं पाणी त्याच नाल्याचं आणि वर शेकडो माणसांचा कॅम्प, गाववाले किती दिवस ऐकून घेणार. मग बहुतेकांनी मोर्चा मारखा व्हॅलीतल्या कांग यात्से टू शिखराकडे आणि बारालाचा खिंडीजवळच्या युनाम शिखराकडे वळवला, आम्हीही. आणि त्याच वर्षी कोविड. पूर्ण सीझन गेला. गाइड आपापल्या गावी सफरचंदाच्या बागेत आणि शेतात, आमचे कुक दाजू नेपाळला अडकलेले, आणि गोडाऊनमध्ये तंबूंना बुरशी लागू नये म्हणून नवरा दर रविवारी गच्चीवर दोन-दोन तंबू वाळवायचा. स्टाफला अर्धे का होईना पैसे पाठवत राहिलो, माझ्या पगारातून, आणि पुन्हा सुरू झालं तेव्हा जवळपास सगळी टीम परत आली. वरचा धंदा माणसांवरच आहे हो. पाच हजार मीटरला पाणी 83 अंशांच्या आसपासच उकळतं, भात नुसता ठेवून शिजत नाही, तिथं कुकर पाठीवर वाहून नेऊन गरम खिचडी आणि लसणाचं सूप पुढं ठेवणारा माणूस टिकवला नाही तर कसली कंपनी.

युनामचं सांगते, कारण तिथं आमचं दिवसांचं वेड सगळ्यात जास्त कामी आलं. 6111 मीटर आणि बेस भरतपूर, चक्क हायवेला लागून, साडेचार हजारांच्या वर. म्हणजे गाडीतून उतरलात की तुम्ही बेस कॅम्पवर. ऐकायला मस्त आहे. त्यात ऑक्टोबर 2020 ला अटल टनेल सुरू झाला, नऊ किलोमीटरचा, आणि रोहतांगचा चढउतार वाचला, मनालीहून लाहौल एकदम जवळ आलं. गाडीचा वेळ वाचला तसा शरीराला मिळणारा वेळही वाचला, हे मात्र कुणी जाहिरातीत लिहीत नाही. आम्ही जिस्पाला दोन रात्री काढतो, मधल्या दिवशी झिंगझिंगबारकडे वर जाऊन चालून परत खाली येतो, भरतपूरला पोचल्यावरही लगेच पुश नाही. लोक कुरकुरतात, जिस्पात नदीकाठी बसून कंटाळा आला म्हणतात. येऊ दे कंटाळा.

4 ऑक्टोबर 2022 ला द्रौपदी का डांडा टू शिखरावर निमच्या अ‍ॅडव्हान्स कोर्सच्या टीमवर अ‍ॅव्हलांच आला. 27 मृतदेह मिळाले, दोघं सापडलेच नाहीत. त्यात गिर्यारोहक सविता कंसवाल होती, त्याच वर्षी मे महिन्यात सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू केलेली. आम्ही दोघंही त्याच संस्थेतले, ते दिवस कसे गेले ते लिहिण्यात अर्थ नाही. ऑफिसला आईवडिलांचे फोन येत होते, माझ्या मुलाला पाठवू का नको. मी कुणालाही सगळं सेफ आहे असं सांगितलं नाही, पहाड सेफ नसतो. एवढंच ठरवलं की ताजा बर्फ पडला की तो बसेपर्यंत उतारावर पाऊल टाकायचं नाही, आणि त्यासाठी राखीव दिवस एकाचे दोन केले, कांग यात्सेलाही. रेट वाढला. त्या वर्षी बुकिंग कमी झालं, काही अपघातामुळे आणि काही आमच्या रेटमुळे, नक्की किती कशामुळे ते सांगता येणार नाही.

नेपाळ आम्ही उशिरा सुरू केलं. तिथं फक्त मेरा नावाचं शिखर, 6476 मीटर. लुक्लाहून थेट झत्रवा ला ओलांडून जायचा शॉर्टकट आहे, म्हणजे विमानातून उतरल्यावर लगेचच 4600 मीटरचा पास, आणि अजून शरीराला काहीच कळलेलं नसतं. आम्ही खालून जंगलातून पांगोमकडून कोठे गावाला जातो, दिवस वाढतात, पण खारेला पोचेपर्यंत माणसं खात-पीत हसत असतात. शिवाय लुक्लाचं विमान ढग आले की उडत नाही, सीझनला फ्लाइट काठमांडूऐवजी बऱ्याचदा रामेछापहून, मध्यरात्री उठून गाडीने जा, त्यामुळे परतीचं तिकीट लुक्लाच्या दुसऱ्याच दिवशीचं काढू नका म्हणून आम्ही कानीकपाळी ओरडतो. तरी एखादा काढतोच.

समिटची गॅरंटी आम्ही देत नाही, फॉर्मवरच लिहिलंय की वर शेवटचा शब्द गाइडचा. एकदा एक सर फ्रेंडशिपवर ठरलेल्या वेळेनंतरही पुढं जायचं म्हणून अडून बसले, पैसे भरलेत, टॉप दिसतोय. आमचा लाहौली गाइड शांतपणे म्हणाला, "सर, वो कहीं नहीं जा रहा, आप जा रहे हो, नीचे." सर चिडले, आम्हाला वाईट रिव्ह्यूही दिला, आणि दोन वर्षांनी त्यांच्या मुलीला आमच्याकडेच पाठवलं.

आता घरात नवीन वाद चालू आहे. नवऱ्याला सात हजारी सुरू करायचंय, लडाखच्या सुरू व्हॅलीतलं नुन शिखर, 7135 मीटर. आयएमएफची (इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनची) परवानगी, चढावर आधी बांधून ठेवायचे फिक्स्ड रोप, तीन-साडेतीन आठवडे, वरच्या कॅम्पसाठी वेगळा स्टाफ. तो म्हणतो आपले जुने कस्टमर तयार आहेत. मी म्हणते तयार आहेत ते आठ दिवसांच्या सुट्टीचे, एवढी रजा मिळणारे दाखव. त्याने यादी केलीय, त्यात निम्मे रिटायर्ड आणि एक-दोन नोटीस पीरियडवाले. सध्या मी एवढंच मान्य केलंय की यादीतल्या प्रत्येकाने आधी आमच्याबरोबर कांग यात्से करायचं, दोन्ही राखीव दिवसांसकट, आणि राखीव दिवशी तंबूत बसून जो जास्त कटकट करेल त्याचं नाव कापायचं. नवऱ्याचं म्हणणं, मग त्याचं स्वतःचंच नाव पहिलं कापलं जाईल.