आमची वाटचाल : आधी दोरी, मग रंग

माझे वडील बोर्ड रंगवायचे. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या सोप्यात कायम एखादी पत्र्याची पाटी भिंतीला टेकून उभी असायची आणि एनॅमलचा वास घरभर भरलेला असायचा. पहिला हात वाळला की आप्पा खडूची पूड लावलेल्या दोरीचं एक टोक मला धरायला द्यायचे, दुसरं स्वतः ताणायचे आणि मधोमध चिमटीत उचलून सोडायचे. टप्प! पाटीवर सरळ पांढरी रेघ. ती शिरोरेषा. मग खडूनं सगळी अक्षरं पुसट मांडायची, गर्दी झाली तर ओल्या फडक्यानं पुसायची, पुन्हा मांडायची. मजकूर पाटीवर नीट बसल्याशिवाय ते ब्रशला हात लावत नसत.

आज आमच्या स्टुडिओत पाच जण काम करतात. मुलांच्या पुस्तकांची चित्रं, मुखपृष्ठं, पाकिटांची डिझाइनं, दिवाळी अंकांसाठी चित्रं असं आमचं काम. सगळं स्क्रीनवर होतं. तरी नवीन मुलगा किंवा मुलगी कामाला लागली की पहिल्या दिवशी मी त्यांना दोरीचंच सांगते.

फ्लेक्स आला आणि आप्पांची कामं दोन-तीन वर्षांत आटली. मी तेव्हा जी. डी. आर्ट करत होते. डिप्लोमा झाल्यावर पोटासाठी फ्लेक्सच्याच दुकानात कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर बसले. घरात त्याचं वाईट वाटलं, पण आप्पा एवढंच म्हणाले, "मशीन कुठलं का असंना, अक्षर वाकडं पडू देऊ नको." २०११ मध्ये वर्गमैत्रिणीबरोबर वेगळं काम सुरू केलं तेव्हा आमच्याकडे एक कॉम्प्युटर आणि पेननं थेट कॉम्प्युटरवर चित्र काढायचा एक जुना वापरलेला वॅकॉम टॅबलेट होता. दिवसा ती चित्र काढायची, संध्याकाळी मी.

सुरुवातीचा एक धडा मसाल्याच्या पाकिटाचा. गिऱ्हाईक चांगले होते. "घरगुती वाटलं पाहिजे" एवढंच त्यांनी सांगितलं होतं. आम्ही पाच दिवस खपून नऊवारीतली बाई काढली, पाटा-वरवंटा, हातातल्या बांगड्या, पदराची किनार, सगळं रंगवून. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "ताई, चित्र झ्याक हाय, पण बाई नको. मिरची दिसली पाहिजे." चूक त्यांची नव्हती. त्यांच्या डोक्यात काय आहे हे आम्ही विचारलंच नव्हतं, आणि त्यांना सांगता येईल असं त्यांच्यापुढे काही ठेवलंही नव्हतं. "घरगुती" या शब्दाचं चित्र प्रत्येकाच्या मनात वेगळं असतं.

तेव्हापासून आमच्याकडे कुठलंही काम थंबनेलपासून सुरू होतं. काडेपेटीएवढे चौकोन, कागदावर, पेन्सिलीनं, कमीत कमी बारा. त्यात डोळे-नाक काढायचं नाही. गडद कुठे, उजळ कुठे, नाव कुठे बसणार, एवढंच. पहिले तीन-चार कुणालाही सुचतील असे असतात. बरं काहीतरी बहुतेक वेळा सातव्या-आठव्या चौकोनानंतर येतं. त्यातले तीन गिऱ्हाइकापुढे ठेवायचे. एक ठरला की रफ, म्हणजे कच्चं चित्र, मग रेषा, मग सपाट रंग, मग छाया-प्रकाश. वाद, शंका, नापसंती हे सगळं रफपर्यंत आटपायचं. रफला दुरुस्ती म्हणजे अर्ध्या तासाचं काम. रंगवून झालेल्या चित्राला तीच दुरुस्ती दोन दिवस खाते. आमच्या कोटेशनमध्ये हे लिहिलेलं असतं: रफवर दोन फेऱ्या, रंगानंतर एक, पुढचीचे पैसे वेगळे. लिहायला लागल्यापासून भांडणं जवळजवळ थांबली.

अक्षरांच्या बाबतीत मी हट्टी आहे. चित्र पूर्ण करायचं आणि मग उरलेल्या जागेत नाव टाकायचं, हे मला चालत नाही. देवनागरीला वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार, जोडाक्षरांचा पसारा. तिला उंची लागते. थंबनेलमध्येच शिरोरेषेची आडवी रेघ मारायची. सुरुवातीच्या काळात फोटोशॉपमध्ये मराठी टाइप केलं की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन पडायची आणि जोडाक्षरं फुटायची. भारतीय लिपींची सेटिंग त्यात असते हे आम्हाला बरंच उशिरा कळलं, तोवर मजकूर दुसरीकडे टाइप करून त्याचं चित्र आणून चिकटवत होतो. अजूनही एक गोष्ट मी प्रत्येक फाइलमध्ये तपासते: ल आणि श. मराठी वळणाचा ल आणि हिंदी वळणाचा ल यांना युनिकोडमध्ये वेगळी जागा नाही, वळण फॉन्ट ठरवतो. काही फॉन्टांत मजकुराची भाषा मराठी निवडली की आपला ल येतो, नाहीतर हिंदीतला. वाचणाऱ्या पोराला फरक सांगता येणार नाही, पण शाळेत बाईंनी फळ्यावर गिरवून घेतलेलं अक्षर त्याला पुस्तकात दिसलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

आमचं पहिलं पुस्तक छापून आलं तेव्हा मी रडले होते, आणि आनंदानं नाही. पानांवरचा बारीक मजकूर काळ्याच्या एकाच शाईत असायला हवा होता. आम्ही आरजीबीमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत, काम करून शेवटी फाइल सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या सायन (निळी), मॅजेंटा (गुलाबी), पिवळी आणि काळी या चार शायांत, बदलली होती, त्यामुळे तो काळा चार शायांचा झाला. छपाईत रजिस्टर, म्हणजे शायांची एकमेकींवरची जुळणी, केसभर हललं आणि प्रत्येक मात्रेला लालसर-निळसर सावली आली. शिवाय संध्याकाळचं निळं आभाळ जांभळं उतरलं. उद्यमनगरातल्या प्रेसवरच्या मशीनमननी, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मला भिंग हातात दिलं आणि शाईचे ठिपके दाखवले. "निळ्यात गुलाबी जास्त झालं की जांभळं होणारच. सायनच्या मानानं मॅजेंटा तीस टक्क्यांनी तरी कमी ठेवा, ताई. आणि मॅपलिथोचा साधा कागद शाई पितो, चकचकीत आर्ट पेपरवर दिसतं तेवढं उजळ त्यावर दिसणार नाही." त्या भिंगातून बघितलं तेव्हा कळलं की आमचं काम फाइल पाठवल्यावर संपत नाही. आता काळा मजकूर फाइलमधल्या वेगळ्या लेअरवर, म्हणजे थरावर, असतो, फक्त काळ्याच्या शंभर टक्क्यांत. चित्र कापाच्या रेघेबाहेर सगळीकडून ३ मिलिमीटर वाढवलेलं असतं. आणि पहिला फॉर्मा, म्हणजे एकत्र छापलेल्या पानांचा मोठा कागद, निघताना आमच्यापैकी एक जण प्रेसवर उभा असतो, रात्रीचे अकरा वाजले तरी.

या सगळ्याचा कस लागला तो गुऱ्हाळाच्या पुस्तकात. गूळ कसा होतो हे लहान मुलांना सांगणारं चित्रपुस्तक काढायचं, ही कल्पना आमचीच. कोल्हापूरच्या पोरांना शाहू मार्केट यार्डात गुळाच्या ढेपा दिसतात, पण पेटलेलं चुलवाण, म्हणजे गुऱ्हाळातली मोठी चूल, बघितलेली मुलं शहरात कमीच. एका प्रकाशकांनी तयारी दाखवली. २४ पानं, आठ पानांचे तीन फॉर्मे, मध्ये पिना. पहिलं पान शीर्षकाचं, दुसरं प्रकाशनाच्या तपशिलाचं. उरली दहा जोडपानं आणि दोन सुटी. एवढ्यात ऊस तोडण्यापासून ढेप बांधण्यापर्यंत सगळं बसवायचं.

आम्ही लगेच काढायला बसलो नाही. करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर तीन दिवस गेलो, पहाटे पाचला. रस काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, पडला की आधी हिरवट करडा फेस येतो. भेंडीचा चिकट रस घातला की मळी वर येते, ती झाऱ्यानं काढून घेतात. मग फेस पिवळा होत जातो, बुडबुडे जड होतात, त्यांचा आवाज बदलतो. गूळ करणारे गुळवे मामा गार पाण्यात थेंब टाकून गोळी वळते का बघत होते. फोटो भरपूर काढले, पण कामाला आली ती स्केचबुकं. फोटोत वाफेनं सगळं पांढरं झालं होतं. स्केचमध्ये कोण कुठे उभा राहतो, झारा कुठल्या हातात धरतो, रस काढून उरलेल्या चिपाडाचा ढीग किती उंच, हे सगळं होतं.

परत आल्यावर भिंतीवर चोवीस चौकोनांची पट्टी लावली. काहील हे पुस्तकाचं काळीज. ती गोल काहील दोन पानांवर पूर्ण पसरावी असं सगळ्यांनाच वाटत होतं. पण पिना मारलेल्या पुस्तकात १२ आणि १३ हे जोडपान तेवढं एकाच सलग कागदावर असतं, बाकी ठिकाणी अर्धं चित्र एका कागदावर आणि अर्धं दुसऱ्यावर. जरा सरकलं की गोल तुटतो. म्हणून काहील मधोमध, १२-१३ वर. मग गोष्टच तिच्याभोवती फिरवली: त्याआधी ऊस, घाणा, रस, त्यानंतर पाक ओतायचा वाफा, ढेप, बाजार. लेखिकाताईंनी त्यासाठी दोन परिच्छेद उलटसुलट करून दिले. त्या तेव्हा न कुरकुरता बसल्या, याचं मला आजही फार मोल वाटतं.

शीर्षकाची अक्षरं आप्पांनी काढली. वय झालंय, हात थोडा थरथरतो, पण चपटा ब्रश धरला की थरथर थांबते. 'गूळ' हा शब्द त्यांनी कागदावर तीसेक वेळा लिहिला. दीर्घ ऊकार काहिलीतून ओतणाऱ्या धारेसारखा वाहता हवा होता. आम्ही निवडलेलं अक्षर स्कॅन केलं, रेषा साफ केल्या, पण ब्रश कोरडा पडत गेल्याची शेवटची खरखर तशीच ठेवली.

करारात हक्कांचं लिहून घेतलं. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात हक्क सोपवताना मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात, आणि क्षेत्र लिहिलं नाही तर भारतापुरतं. चित्रकारांनी हे माहीत करून घ्यावं. आधीच्या एका कामात आमची चित्रं न विचारता वह्यांवर छापली गेली होती आणि आमच्याकडे दाखवायला कागदच नव्हता.

हल्ली लोक विचारतात, वाक्य टाइप केलं की चित्र मिळतं, मग तुमचं काय? मी कुणाला नावं ठेवत नाही. पण आम्ही एकदा गुऱ्हाळाचं असं चित्र करून बघितलं होतं. काहील पातेल्यासारखी होती, खाली लाकडाचे ओंडके जळत होते आणि पाटीवरची अक्षरं कुठल्याच लिपीतली नव्हती. चुलवाणात चिपाड जळतं, हे तिथं उभं राहिलेल्याला माहीत असतं.

पुस्तक छापून आल्यावर आम्ही पहिली प्रत गुळवे मामांना द्यायला गेलो. हंगाम चालू होता. त्यांनी हात धोतराला पुसले, पुस्तक मांडीवर घेतलं, पानं सावकाश उलटली. १२-१३ वर थांबले. बोट काहिलीतल्या पाकावर ठेवलं.

"हा पाक अजून व्हायचा हाय," ते म्हणाले. "एवढ्या पिवळ्यात काहील उतरवली तर गूळ बसायचा न्हाई. आनी तुमी तर पुढच्या पानावर उतरवलीय."

आम्ही त्यांना रेषांचे रफ दाखवले होते. रंगाचे नव्हते दाखवले. आता प्रत्येक माहितीपर पुस्तकात रंगाचे छोटे रफ करून जाणत्या माणसाला दाखवतो, मगच पुढे जातो.

दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी जुनी फाइल उघडली. लेअरांना नावं दिलेली होती: वाफ, झारा, बुडबुडे, पाक. आमच्याकडच्या मुलीनं 'पाक' निवडला आणि रंग तांबूस सोनेरीकडे नेला, बुडबुडे मोठे केले, चुलवाणाच्या तोंडाशी उजेड थोडा वाढवला. अर्धा तास लागला. प्रूफ घेऊन ती आणि मी पुन्हा गुऱ्हाळावर गेलो. मामांनी कागद उन्हात धरला, एकदा काहिलीकडे बघितलं, एकदा चित्राकडे.

"आता उतरवा," ते म्हणाले.