वारकऱ्यांच्या गुडघ्यांसाठी पट्टा

कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत वनस्पतींचे अर्क मायक्रोकॅप्सूलमध्ये, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कवचांमध्ये, भरून कापडावर बसवायचं काम चालतं. विट्याचे एक यंत्रमागवाले आप्पा आमच्याकडून निरगुडीच्या तेलाचे गुडघ्याचे पट्टे करून घेणार होते. आषाढी वारीत लोणंद-फलटणच्या वाटेनं चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ते द्यायचे, असं त्यांच्या मनात होतं. स्वतः माळकरी, दरवर्षी वारीला जाणारे.

नमुना तयार होता. आप्पांनी पट्टा नाकाशी धरला. "मॅडम, ह्याला वासच येईना की. तेल घातलंय न्हवं?"

"अंगठ्यानं जरा घासा."

घासल्याबरोबर निरगुडीचा उग्र वास आला आणि आप्पा खूश झाले. वास आतच राहणं हे खरं तर चांगलं लक्षण. कवच शाबूत असलं की तेल उडून जात नाही. चालताना कापड घासलं, दाबलं गेलं की कवच फुटतं आणि तेल बाहेर येतं. मी त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली ते गोल थेंब दाखवले. आप्पा बराच वेळ डोळा लावून बसले. मग त्यांनी विचारलं, "हे कवच कशाचं?"

पद्धत जुनी आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत बॅरेट ग्रीन यांनी कार्बनविरहित कॉपी-कागदासाठी ती वापरली. जिलेटीन आणि डिंक यांच्या कोमट द्रावणात तेल जोरात घुसळायचं आणि मग थोडं थोडं ॲसिटिक ॲसिड टाकत पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, साधारण ४ ते ४.५ वर आणायचा. तिथं जिलेटीनवर धन भार येतो, डिंकावर ऋण असतो. दोघं एकमेकांना चिकटून तेलाच्या थेंबाभोवती जमतात. मग बर्फात थंड करून कवच घट्ट करायचं. हे सगळं मी सांगितलं, आणि जिलेटीन जनावरांची कातडी अन् हाडं यांपासून काढतात, हेही सांगितलं.

आप्पांनी पट्टा टेबलाच्या पलीकडच्या कडेला सरकवला आणि बेसिनवर जाऊन हात धुतले. बोलले काहीच नाहीत.

नंतर माझा सहकारी हळूच म्हणाला, "सांगायची काय गरज होती? औषधांच्या कॅप्सूलही जिलेटीनच्याच असतात." मला ते पटलं नाही. माळ घातलेल्या माणसाच्या अंगाला काय लागणार आहे, हे त्याला आधी कळलंच पाहिजे. पट्ट्यावर 'गुडघेदुखी बरी होते' असं छापू नका, हेही मी आप्पांना आधीच सांगून टाकलं होतं. तसं सिद्ध करणारी चाचणी आम्ही केलेली नाही.

दुसरं कवच शोधायचं तर कायटोसान सुचतं, पण ते कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनतं, म्हणजे तेही बाद. राहिलं अल्जिनेट, समुद्री शेवाळातलं. तेल मिसळलेल्या त्याच्या द्रावणाचा बारीक फवारा कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात मारला की थेंब जागच्या जागी गोठतात. दुपारीच एक घाणा काढला, कापडावर बसवला. पण धुण्याच्या पावडरीच्या पाण्यातून काढल्यावर बघते तर कण फुगून मऊ पडलेले. पावडरीतले क्षार कॅल्शियम ओढून घेतात आणि कवचाची पकड सुटते. वाटेत रोज धुऊन वाळवायच्या पट्ट्याला हे कसं चालणार?

आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्याकडून कागद मागून घेतला आणि त्यावर दोन समांतर रेघा ओढल्या. "दुपदरी विणतो. मधी खिसा ऱ्हाईल. तुमचं औषधाचं फडकं निराळं करा, खिशात घालायचं. धुताना काढून ठेवायचं, पट्टा तेवढा धुवायचा."

खिसा मागावरच विणला जाणार, म्हणजे गुडघ्याला टोचेल अशी शिवणही नको. फडक्याचा आकार, त्यावर किती तेल बसवायचं, खिशाचं तोंड वर ठेवायचं की बाजूला, यात संध्याकाळ झाली. अल्जिनेटचे कण जिलेटीनपेक्षा जाड येतात, हाताला खरखर लागते; म्हणून आतलं फडकं मऊ मलमलीचं घ्यायचं ठरलं. वेष्टनावरचा मजकूर आप्पांनी स्वतः सांगितला आणि मी लिहून घेतला: निरगुडीचं तेल, कवच समुद्री शेवाळाचं, फडकं धुवू नये.