तक, आणि थोडं विरजण

दुपारी डॅनिशच्या क्लासचा गृहपाठ घेऊन बसले. दहा इंग्लिश वाक्यं, सगळी रोजची, डॅनिशमध्ये करायची. आणि पहिल्यालाच अडले. 'प्लीज मीठ दे.' डॅनिशमध्ये प्लीजच नाही! म्हणजे 'वेर सो वेन्ली' असं काहीतरी आहे, पण ते आपल्या 'कृपया'सारखं, प्लॅटफॉर्मच्या अनाउन्समेंटला शोभणारं, जेवणाच्या टेबलावर कोण म्हणतंय. बाई म्हणाल्या होत्या मध्ये 'लीअ' घाला, झालं. हे लीअ म्हणजे काय ते इंग्लिशमधून समजवताना त्यांची दमछाक झाली आणि मी मनात म्हणतेय, अहो बाई, हे तर आमचं 'जरा'! जरा मीठ दे. जरा सरक. जरा इकडे ये, बघतेच तुला.

पुढचं वाक्य, माझी आंटी येतेय. आता कुठली आंटी? इथे मावशी म्हणजे मोस्टर, आत्या म्हणजे फास्टर, दोघींनाही चालणारा 'टांटे' आहे म्हणा, पण नेमकं सांगायचं तर आधी आईकडची का बाबांकडची ते विचारावं लागतं. मोस्टर म्हणजे मोर अधिक सोस्टर, आईची बहीण, आणि आपली मावशीही मातृष्वसावरूनच आलेली. मी खुशाल मावशी लिहून टाकली, मावशी केव्हाही बरी.

तर प्लीज. लहानपणी सांगलीला आई वाटी देऊन शेजारी पाठवायची आणि मी दारातूनच ओरडायचे, 'काकू, आईने थोडं विरजण मागितलंय!' प्लीज नाही, थँक्यू तर नाहीच. वाटी घेऊन तशीच पळायचे, वाटेत एक बोट दह्यात. परत देताना मात्र वाटी रिकामी जायची नाही, दोन वड्या, नाहीतर चार बोरं तरी. आमचे आभार त्या वाटीत असायचे बहुतेक. इंग्लिशमध्ये तेच मागायला 'मी विचार करत होते, तुम्हाला जमलं तर, काही हरकत नसेल तर'... म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवायचंच की. इथे बेकरीत सरळ 'एन कानेलस्नाइल, तक'. एक दालचिनीची गोगलगाय, म्हणजे तसा गुंडाळलेला गोड पाव, थँक्यू. मिळायच्या आधीच थँक्यू!

कारण प्लीज नसलं तरी तक मात्र उठता बसता. जेवून उठताना 'तक फॉर मॅल', म्हणजे जेवणाबद्दल, त्यावर घरचे 'वेल्बेकोम' म्हणणार. क्लास सुटला की आजच्याबद्दल तक. परवा भेटलेलं माणूस पुन्हा भेटलं की 'तक फॉर सिस्ट', मागच्या वेळेबद्दल. मला हे फार आवडतं आणि मराठीत काही केल्या करता येत नाही. मागच्या महिन्यात आई आली होती, तिच्या हातची आमटी खाऊन उठताना सवयीने बोलून गेले.

'ताक? या थंडीत?' म्हणाली, आणि उठून फ्रीज उघडला. त्यात 'केर्नेमेल्क'चा पुडा होता, म्हणजे ताकच, जरा दाटसर. तिने त्यात आलं, मीठ घालून ग्लास पुढे ठेवला. मी गप प्यायले.

गृहपाठातली आठ वाक्यं राहिलीच आहेत अजून.