ड्राफ्टिंगची नोंद: जिना जमला, आता गावचं घर

जिन्याचा सेक्शन, म्हणजे घर उभं कापल्यावर आत काय दिसेल ते दाखवणारा नकाशा, पूर्ण झाला. या सत्रात प्लॅन, चारही एलिव्हेशन्स (बाहेरून दिसणाऱ्या बाजू), पायाचा नकाशा असं बरंच काढलं, पण या एका शीटने जेवढं शिकवलं तेवढं बाकीच्यांनी मिळून शिकवलं नाही. म्हणून या वेळची नोंद बहुतेक जिन्याचीच आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. मी फ्रीमॉन्टला राहते, दिवसा हिशेबाची नोकरी करते आणि संध्याकाळी कम्युनिटी कॉलेजात आर्किटेक्चरल ड्राफ्टिंग शिकते. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना या कॉलेजांत युनिटमागे ४६ डॉलर फी पडते आणि प्रवेशपरीक्षा नसते, त्यामुळे वर्गात सगळ्या वयाची माणसं असतात. माझ्या शेजारच्या टेबलावर एक सुतार बसतात. भिंतीच्या आत काय असतं हे त्यांच्या हातांना ठाऊक आहे, त्यांना ते फक्त कागदावर आणायचं आहे. मला दोन्ही शिकायचं आहे, आणि त्यांच्या शेजारी बसायला मिळालं याचा फार आनंद आहे.

तर जिना. घर दुमजली, अमेरिकन पद्धतीच्या लाकडी सांगाड्याचं. पायऱ्या काढायच्या आधी खालच्या जमिनीपासून वरच्या जमिनीपर्यंतची नेमकी उंची लागते, आणि ती सांगाड्यातूनच मोजत यावी लागते. भिंतीतले उभे स्टड बाजारात ९२ ५/८ इंचांचे कापून तयार मिळतात. त्यांच्या खाली एक आणि वर दोन आडव्या प्लेट, प्रत्येकी दीड इंच. झाले ९७ १/८. त्यावर टू बाय टेनचे (दोन बाय दहा इंची) जॉइस्ट, म्हणजे वरची जमीन पेलणाऱ्या आडव्या तुळया. नाव दहाचं असलं तरी रंधून झाल्यावर ते सव्वानऊ इंच भरतात. वर पाऊण इंच प्लायवूड. एकूण १०७ १/८ इंच.

इथल्या निवासी कोडप्रमाणे (घरबांधणीच्या नियमांप्रमाणे) एका पायरीची उंची जास्तीत जास्त पावणेआठ इंच चालते. तेरा भाग केले तर प्रत्येक भाग सव्वाआठच्या जवळ जातो, म्हणजे बाद. चौदा केले तर साधारण ७.६५. चढ चौदा, पण पाय ठेवायच्या पायऱ्या तेराच, कारण शेवटचा चढ थेट वरच्या जमिनीवर नेतो. किमान दहा इंच रुंदी धरली तर जिना आडवा १३० इंच जागा खातो, म्हणजे १० फूट १० इंच. प्लॅनमध्ये मी जिन्याला किती जागा द्यायची हे जॉइस्टच्या जाडीवर ठरतं, ही गोष्ट मला अजूनही थरारक वाटते.

कागदावर हे चौदा भाग पाडायची रीत तर इतकी सुंदर आहे की ती सविस्तर सांगितल्याशिवाय राहवत नाही. अर्धा इंच म्हणजे एक फूट हे प्रमाण घेतलं की दोन जमिनींतलं अंतर कागदावर साडेचार इंचांहून किंचित कमी येतं. त्याचे चौदा सारखे भाग आकडेमोडीने पाडायला गेलं तर प्रत्येक ठिकाणी केसभर फरक साचत जातो. त्याऐवजी पट्टी तिरकी ठेवायची: शून्य खालच्या रेषेवर, सात इंचांची खूण वरच्या रेषेवर. मग दर अर्ध्या इंचावर पेन्सिलीने टिंब द्यायचं आणि टी-स्क्वेअरने प्रत्येक टिंबातून फिकी आडवी रेष ओढायची. चौदा तंतोतंत सारखे चढ, एकही भागाकार न करता! ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये डिव्हाइड ही आज्ञा हेच काम क्षणात करते, पण ती वापरताना आता मला ती तिरकी पट्टी दिसते.

यानंतर डोक्यावरची मोकळी जागा. पायऱ्यांची टोकं जोडणारी तिरकी रेष काढायची आणि तिच्या वर ८० इंचांवर, उभ्या मापाने, तिला समांतर दुसरी रेष. ती वरच्या जमिनीच्या खालच्या बाजूला जिथे भिडते, तिथून पुढे जिन्यावर त्या जमिनीचं काहीही यायला नको, मोकळाच भाग हवा. माझ्या प्लॅनमधल्या वरच्या मजल्यावरचं कपाट त्यामुळे सरकलं. प्लॅन आणि सेक्शन एकमेकांना असे हलवत राहतात, म्हणून दोन्ही शीट शेजारी उघडी ठेवूनच काम करते.

हातानं काढून झाल्यावर तेच शीट ऑटोकॅडमध्ये काढलं. हे सॉफ्टवेअर १९८२ मध्ये आलं, आणि आजही आमच्या वर्गात सुरुवात त्याच्यापासूनच होते. रेव्हिट हे दुसरं सॉफ्टवेअर पुढच्या सत्रात. हातानं काढताना मऊ शिशाने दाबून काढलेली कापलेली भिंत आणि कडक शिशाने हलकी काढलेली मागची रेलिंग यांतला फरक मनगटाला कळतो. पडद्यावर मात्र सगळ्या रेषा सारख्याच दिसतात, तिथे जाडी आधी ठरवून द्यावी लागते. मी आता कापलेल्या भागांना ०.५०, मागे दिसणाऱ्यांना ०.२५ आणि हॅचला (कापलेल्या भागात भरायच्या बारीक रेषांना) ०.१३ मिलिमीटर देते, प्रत्येकाचा लेयर, म्हणजे नकाशातला थर, वेगळा. आधी हात आणि मग कॅड हा आमच्या कॉलेजचा क्रम मला अगदी योग्य वाटतो. छेद नेमका कुठून गेला आणि चाकूखाली काय आलं, हे मनाशी पक्कं असल्याशिवाय लेयर निवडताच येत नाही. फक्त कॅड शिकलेल्यांचे नकाशे बरेचदा याच कारणाने सपाट दिसतात.

या सत्राचा शेवटचा प्रकल्प आपापल्या आवडीचा आहे. मी संगमेश्वरजवळचं आमचं घर घेतलंय: चिऱ्याच्या भिंती, पडवी, ओटी, माजघर, वर मंगलोरी कौलं. मागच्या सुट्टीत टेप घेऊन मापं घेतली होती. जुन्या घराची खोली काटकोनात आहे असं गृहीत धरायचं नाही, म्हणून प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्णही मोजले. माजघराचे कर्ण सारखे नाहीतच. कॅडमध्ये भिंतीची लांबी आणि कर्ण त्रिज्या धरून दोन वर्तुळं काढली, ती जिथे छेदली तिथे खोलीचा कोपरा. असा एकेक कोपरा बसत गेला आणि प्लॅन तयार झाला. सगळं मिलिमीटरमध्ये. इंचांच्या अपूर्णांकांनंतर फार हलकं वाटतं.

सेक्शन अडलाय तो आढ्याच्या उंचीवर, तिथवर टेप पोचली नव्हती. पण बाजूच्या त्रिकोणी भिंतीचा समोरून काढलेला फोटो आहे आणि त्यात चिऱ्याचे थर स्पष्ट मोजता येतात. दादाला खालच्या पाच थरांची एकत्र उंची सांध्यांसकट मोजून पाठवायला सांगितलंय. एकाच थराचं माप घेतलं तर मिलिमीटरचा फरक वरपर्यंत वाढत जाईल, पाचांची सरासरी बरी. शिवाय वाशांची जाडी आणि रिपांमधलं अंतरही मागवलंय. आधी भिंतीचा छेद जाड रेषेत, मग आढं, मग एकेक वासा, या क्रमाने काढायचं ठरवलंय. कौलाच्या घरांचे सेक्शन कुणी काढले असतील तर पागोळीच्या टोकाचा तपशील कोणत्या प्रमाणात दाखवला ते नक्की कळवा. मी सध्या १:१० धरून चालले आहे.