बुटाची नाडी

चर्चमधली उपासना संपली आणि दारातच माझ्या बुटाची नाडी सुटली. उजवा हात प्लास्टरमध्ये. मागून येणारा कॉलेजातला मुलगा काही न बोलता खाली बसला.

मी पाय मागे घेतला. "अरे, नको नको, राहू दे!"

तो वर बघून हसला. "काका, पेत्रही असंच म्हणाला होता."

गाठ मारून तो गेलासुद्धा. मी तिथेच.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, १३ व्या अध्यायात, येशू आपल्या शिष्यांचे पाय धुतो आणि शिष्य पेत्र 'नको' म्हणतो. तो अध्याय मी कितीदा वाचलाय, इतरांना समजावूनही सांगितलाय. दर वेळी स्वतःला बघितलं ते कमरेला रुमाल बांधून वाकलेल्या येशूच्या बाजूला. सेवा करणारा मी! अवघडून पाय आखडून घेणारा पेत्र मी कधी नव्हतोच. 'मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही' हे ८ व्या वचनातलं उत्तर त्यालाच आहे. त्याला द्यायला जड जात नव्हतं, घ्यायला जात होतं.

  

खरं सांगू? मला वाकायला आवडतं, कारण वाकलेलं लोकांना दिसतं. पाय पुढे करून गप्प बसण्यात कसलं कौतुक?

प्लास्टर अजून तीन आठवडे आहे. पुढच्या रविवारी नाडी सुटली तर पाय मागे घेईन का मी?